साट्यालोट्याची पोरं

माझं लग्न कसं झालं ते आधी सांगते, म्हणजे मोडलं कसं ते कळेल. सुप्याजवळच्या आमच्या गावातून मी नवऱ्याच्या घरी गेले आणि त्याच मांडवातून नवऱ्याची बहीण माझ्या भावाची बायको होऊन आमच्या घरी आली. साटंलोटं म्हणतात याला. मुलीच्या बदल्यात मुलगी. द्यायचं नाही, घ्यायचं नाही, मांडव एक, जेवण एक. माझे वडील आणि सासरे दोघेही कोरडवाहू बाजरीवाले. दोन लग्नांचा खर्च कुणालाच झेपत नव्हता, म्हणून दोघांनी आपापल्या लेकी अदलाबदल करून टाकल्या आणि कसं स्वस्तात उरकलं ते वर्षभर सांगत फिरले. जळलं मेलं ते स्वस्त!

नवऱ्याची ही बहीण मला वन्सं म्हणायची आणि मीही तिला वन्सं. दोघी एकमेकींच्या नणंदा आणि दोघी एकमेकींच्या भावजया. तिची मुलगी आणि माझा मुलगा दोन महिन्यांच्या अंतराने झाले. माझं बरं चाललं होतं, हे कबूल करते. नवरा गरीब स्वभावाचा. बाजारातून येताना गुळाचा खडा धोतराच्या सोग्यात बांधून आणायचा आणि सासूला दिसणार नाही अशा बेताने चुलीमागे ठेवायचा. मला जन्मात कुणी चोरून काही दिलं असेल तर ते एवढंच.

बिघडलं माझ्या भावामुळे. तो देवळालीकडे, कालव्याच्या भागात, साखर कारखान्यावर कामाला लागला. महिन्याच्या महिन्याला रोख पगार हातात, अंगात कोट, आणि मग घरची बायको डोळ्यांत खुपायला लागली. तिकडच्या एका ऊसवाल्याने त्याला आपली मुलगी देऊ केली, वर हुंडा. पूर्वीचे दिवस असते तर त्याने सरळ दुसरी आणून बसवली असती. पण नुकताच कायदा झाला होता, पहिली असताना दुसरी करता येणार नाही असा. बायकांच्या भल्यासाठीच केला होता म्हणे. झालं काय, तर जिथे सवतीवर भागलं असतं तिथे आता काडीमोड हवा झाला. आणि काडीमोडाला पंचांपुढे कारण लागतं. म्हणून हा सुट्टीला आला की तिला मारायचा. तिने आपणहून माहेर गाठावं, एवढ्यासाठी.

मला हे सांगितलं बांगड्या भरणाऱ्या कासारणीने. ती दोन्ही गावांत फिरायची. "लई मारतोय गं तुजा भाऊ. पाठ बगवत न्हाई तिची." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातल्या बांगड्या अर्ध्या टाकून मी ओसरीवर सासऱ्यांपुढे जाऊन उभी राहिले.

"मामा, वन्संला घिऊन या. चार म्हयने हितं ऱ्हाऊ द्या. सुट्टीला आल्यावर हातानं भाकरी थापायची पाळी आली की येतोय त्यो ताळ्यावर."

सासरे माझ्याकडे बघतच राहिले. "तू सांगतीस ह्ये?"

"व्हय, मीच सांगते!"

अक्कल कुठे गहाण टाकली होती मी, देव जाणे. साट्यातली एक माहेरी आली की दुसरीलाही जावं लागतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक. पण पोर माझ्या मांडीवर, गूळ चुलीमागे; मला वाटलं, घर माझं आहे. आपण बदल्यात आलोय हे मी साफ विसरून गेले होते.

सासरे गाडी जुंपून गेले आणि लेकीला घेऊन आले. तिची मुलगी भावाने ठेवून घेतली, कारण पोर बापाचं, हा आमच्यातला रिवाज. त्याला हवं होतं तेच आयतं हातात पडलं. बायको नांदत नाही, न विचारता निघून गेली, असं त्याने पंचांत सांगितलं आणि काडीमोडाचा निरोप धाडला. त्या दिवशी सासूने माझ्यापुढे ताट ठेवलं नाही. "आमची घरी आली. आता तुमची तुमच्या घरी," एवढंच म्हणाली. पोराचं कुणी काही बोललं नाही, बोलायची गरजच नव्हती. मी गोठ्यात गेले. नवरा बैलाच्या अंगावरचे गोचीड काढत होता.

"आवं, बोला की कायतरी! माजं पोर हाय."

तो गोचीड काढतच राहिला.

दोन्ही काडीमोड एकाच दिवशी झाले, दोन गावांच्या मधल्या म्हसोबाच्या माळावर. तेही स्वस्तात. भावाने वाळकी काडी घेतली, कटकन मोडली आणि हात झटकले. मग माझ्या नवऱ्याची पाळी. त्याने वाकून पायाजवळची काडी उचलली, ती निघाली ओली. वाकली, पण मोडेना. त्याने पिळली, तरी साल तुटेना. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. आजही सांगते, त्या घटकेला त्याने ती काडी फेकून दिली असती तर मी जन्मभर त्याचे पाय धुऊन पाणी प्याले असते. एका पंचाने वाळकी काडी शोधून त्याच्या हातात दिली. ती त्याने मोडली.

गाड्या जुंपेपर्यंत आम्हा दोघींना थोडा वेळ मिळाला. रडायला सवड नव्हती. ती घाईघाईने म्हणाली, "पोरीला ताक देऊ नगा वन्सं, खोकला हुतो. निजताना कान धरती, धरू द्या." मी म्हटलं, "त्याला भाकरी कुस्करून द्या. तुकडा गिळत न्हाई त्यो." मग ती माझ्या पोराकडे गेली आणि मी तिच्या पोरीकडे.

भावाची नवी बायको कारखान्यावरच्या खोलीत राहिली. तिला सवतीचं पोर नको होतं, त्यामुळे मुलगी गावी माझ्यापाशीच. निजताना ती कान धरायला यायची तेव्हा मी तिचा हात झटकायची. तीन वर्षांच्या पोरीवर राग काढला मी. लाज वाटते सांगायला, पण काढला. नंतर कधीतरी झटकायचं राहून गेलं आणि ती मला आई म्हणायला लागली. तिकडे नवऱ्यानेही दुसरं लग्न केलं, पण माझं पोर होतं वन्संच्याच पदरात. कासारीण आली की मी आधी एकच विचारायची. ती म्हणायची, "देती गं, कुस्करूनच देती." तेवढ्यावर माझा महिना जायचा.

दोन-अडीच वर्षांनी सुप्याच्या बाजारात आमची गाठ पडली. वन्सं, आणि तिचं बोट धरून माझा मुलगा. केवढा झाला होता! मी हात पुढे केला तर तो तिच्या लुगड्याआड लपला. इकडे तिची पोर माझ्या लुगड्याआड. वन्सं खाली बसून पोरीकडे नुसती बघत राहिली. मी शेव घेतली, दोघांच्या हातांत दिली.

"माजा पाट ठरलाय वन्सं," ती म्हणाली. "जामखेडकडचा बिजवर हाय. बाबानं पैसं घेतलं. पोराला न्यायचं न्हाई म्हनत्यात."

माझं पोर आता त्या सावत्र आईच्या हाती जाणार होतं, आणि ती कुस्करून देईल की नाही हे विचारायचं कुणाला?

तिने माझं मनगट धरलं. "तुमी तरी पाट लावू नगा. माज्या पोरीला तुमच्याबिगर कुनी न्हाई. शबूद द्या मला."

माझाही पाट ठरला होता. वडिलांनीही पैसे घेतले होते, आणि पोरीला न्यायचं नाही असंच त्या माणसाचंही म्हणणं होतं.

"न्हाई लावत," मी म्हटलं. "माज्या पोराची शपथ."

तिला धीर आला. डोळे पुसून ती उठली आणि माझ्या मुलाला घेऊन गर्दीत गेली. तो एकदा वळून बघेल असं वाटलं होतं, पण त्याचं लक्ष शेवेत होतं.

परतताना पोर दमली. पाच वर्षांची घोडी, तरी मी तिला कडेवर घेतली. तिने माझा कान धरला आणि खांद्यावर मान टाकली. पाट चार दिवसांवर होता.