दोरा बांधलेलं रीळ

चौतीस वर्षं पासपोर्टमास्तरांनी लोकांचे फोटो काढले, ते फक्त छातीपर्यंत. माणसाला पाय असतात याच्याशी त्यांचा धंद्यापुरता काही संबंध आला नाही. रस्त्यात कुणी भेटलं तर ते आधी त्याचे कान बघत, कारण फोटोत दोन्ही कान दिसलेच पाहिजेत असा नियम होता आणि मास्तर नियमाला पक्के होते. खांदे सरळ, हनुवटी किंचित खाली, हसायचं नाही. झालं. पुढचा.

दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांच्या बायकोचं राज्य. गल्लीत सगळे तिला आतल्या बाई म्हणत. मास्तरांनी रोल काढायचा, भिंतीतल्या लाकडी खिडकीतून आत सरकवायचा, आणि दोन तासांनी त्याच खिडकीतून ओल्या वासाचे फोटो बाहेर यायचे. मधे काय होतं ते मास्तरांना पुस्तकातून माहीत होतं, हातातून नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदा ते चहा विचारायला म्हणून दार उघडून आत गेले आणि दोन रोलांचं वाटोळं केलं. त्या दिवशी बाईंनी आतून कडी बसवून घेतली.

बाई जाऊन पाच महिने झाले होते, आणि मास्तर रडले नव्हते. सुरुवातीला त्यांना याचं नवल वाटलं. मग नवलही वाटेनासं झालं. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर ओठ जसा आपलाच असून आपला वाटत नाही, तसं त्यांचं सगळंच झालं होतं. समोर येईल ते जेवायचे. पेपर धरायचे, पान उलटायचे. मुलगी रोज संध्याकाळी यायची आणि विचारायची, "बाबा, आज काय केलंत?" त्यावर ते खरं तेच सांगायचे, "काही नाही."

करण्यासारखं एक काम मात्र होतं, आणि ते कॅमेऱ्यात पडून होतं.

फोटोग्राफरच्या बायकोचा फोटो नव्हता. तिला समोर बसायचं म्हटलं की आत काहीतरी उतू जायचं. पण आजाराचं नाव कळल्यावर एका रविवारी ती आपणहून येऊन स्टुलावर बसली. "अहो, काढा आता," म्हणाली. मग दर रविवारी एक. तोच पडदा, तेच स्टूल. एकतीस रविवार झाले आणि छत्तीसचा रोल पाच घरं रिकामी ठेवून थांबला. बाईंचे म्हणावेत असे फोटो जगात तेवढेच, आणि तेही अजून कुणी पाहिलेले नव्हते.

"बाहेर पाठवू या की," मुलगी म्हणाली. "पोस्टाने घेतात अजून."

"आणि हरवला म्हणजे?"

"मग तुम्ही धुणार? तुम्हाला येतं?"

"बघत आलोय चौतीस वर्षं," मास्तर म्हणाले. हे खरं नव्हतं. कडी आतून होती.

जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानदाराकडे ते गेले, तेव्हा त्याने काउंटरवर दोन डबे मांडले. एक स्टीलचा, एक काळा प्लास्टिकचा, आणि दोन्हींसोबत आपापलं रीळ. रोल अंधारात या रिळाच्या खाचांमध्ये गुंडाळायचा, रीळ डब्यात घालायचं, झाकण लावायचं. त्यानंतर उजेड आला तरी हरकत नाही. सगळी परीक्षा त्याच्या आधीची.

"मास्तर, तुम्हाला प्लास्टिकचं देतो," दुकानदार म्हणाला. "फिल्मचं टोक बाहेरून आत सरकवायचं आणि दोन्ही बाजू आळीपाळीने पुढेमागे फिरवायच्या. ती आपली आपण चालत जाते. फक्त कोरडं ठक्क हवं. एक थेंब पाणी असलं की जागच्या जागी रुसून बसते."

"आणि स्टीलचं?"

"ते मधून बाहेर भरायचं. फिल्म बोटांनी जराशी वाकवायची आणि खाचेत सोडत जायची. हात बसलेला असला तर दोन मिनिटांचं काम. बसलेला नसला तर दोन पदर एकमेकांना चिकटतात, आणि चिकटले तिथे औषध पोचत नाही. शिवाय स्टील एकदा पडलं की वाकतं, आणि वाकलेलं डोळ्यांना दिसत नाही."

मास्तरांनी प्लास्टिकचं रीळ हातात घेऊन फिरवलं. ते खेळण्यासारखं कटकट वाजलं. बाई हे हातात धरतील असं त्यांना वाटेना. "घरी आहेत स्टीलची," एवढं म्हणून ते रिकाम्या हातांनी परत आले.

घरी बाईंची पाच रिळं होती, पत्र्याच्या डब्यात, एकावर एक. चार सारखी. पाचव्याला मधल्या दांडीशी लाल दोरा बांधलेला, घट्ट, दोन गाठी मारून. मास्तरांनी तो अंगठ्याने चाचपला. इतकी वर्षं काम केल्यावर माणसाचा एखाद्या हत्यारावर जीव बसतो, हे त्यांना कळत होतं. त्यांचीही एक लेन्स होतीच की. त्यांनी दोऱ्याचं रीळ बाजूला काढून ठेवलं. आठवडाभर डोळे मिटून एका वाया गेलेल्या रोलवर सराव केला, तो साध्या रिळांवर. पहिले दोन दिवस फजिती झाली, पाचव्या दिवशी जमू लागलं. दोऱ्याच्या रिळाला त्यांनी हात लावला नाही. ते खऱ्या कामासाठी राखून ठेवलं.

शनिवारी दुपारी त्यांनी मागच्या खोलीच्या दाराला फटीत टॉवेल कोंबला आणि पहिल्यांदाच ती कडी स्वतः लावली. मुलगी बाहेर बसली होती. रोलचं टोक मधल्या चापात अडकलं. पहिला वेढा गेला. दुसरा गेला. चौथ्याला फिल्म अडली. मास्तरांनी मागे घेऊन पुन्हा सोडली, ती पुन्हा तिथेच अडली, आणि या वेळी त्यांच्या बोटांखाली पत्रा चेपल्यासारखा बारीक आवाज आला. त्यांच्या तळव्यांना घाम फुटला. आठवडाभर जमत होतं ते आज का जमू नये, ते त्यांना कळेना. हाताने दगा दिला, असंच त्यांना वाटलं.

"पोरी," त्यांनी हाक मारली. आवाज नेहमीसारखाच होता. "अडकलंय."

"ओढू नका. कुठलं रीळ घेतलंत?"

"तिचं. दोरा बांधलेलं."



"बाबा, ते वाकडं आहे," मुलगी म्हणाली. "मी लहान असताना माझ्याच हातून पडलं होतं. चुकून वापरायला नको म्हणून आईने दोरा बांधला. अंधारात हाताला लागावा म्हणून."

नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण म्हणतो. इथे अंगण खरोखरच वाकडं होतं, आणि नाचणाऱ्याने ते हौसेने निवडलं होतं. मास्तर काळोखात उभे राहिले. तिच्याशी चौतीस वर्षं संसार केला आणि तिच्या एका दोऱ्याचा अर्थ आपल्याला लागू नये, हे त्यांना नीट समजलं. दुखलं मात्र नाही. दुखायला हवं, एवढंच वाटलं.

"टाकून कशाला नाही दिलं तिने?" त्यांनी विचारलं.

"मी रडत होते. म्हणाली, ठेवू या, काही होत नाही."

मग मुलीने सांगितलं तसं त्यांनी केलं. फिल्म हळूहळू रिळावरून सोडवली, सैलच बाईंच्या स्टीलच्या डब्यात ठेवली, झाकण दाबून बसवलं आणि दार उघडलं. मुलगी दुकानदाराकडे पळाली. ती येईपर्यंत मास्तर तो डबा मांडीवर घेऊन, झाकणावर हात ठेवून बसून राहिले. शेजारी कुणाची तरी कपडे धुण्याची मशीन चालू होती. तेवढा वेळ त्यांनी कसलाच विचार केला नाही.

प्लास्टिकचं रीळ त्याच्या डब्यासकट आलं. त्यांनी हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले. "दुसऱ्या टोकाने घाला, दुकानदार म्हणाला," मुलीने बजावलं. "चेपलेला भाग शेवटी येऊ दे." पुन्हा काळोख, पुन्हा कडी. या वेळी फिल्म कटकट करत आपली आपण आत चालत गेली. त्या खेळण्याने बाईंच्या हाताचं काम चार मिनिटांत केलं आणि मास्तरांना त्याचा रागही आला नाही.

पुढचं सगळं पुस्तकाप्रमाणे झालं. औषध, हलवणं, ओतणं, दुसरं औषध, धुणं. फिल्म रात्रभर चिमट्याला टांगून वाळली, आणि रविवारी सकाळी मास्तरांनी ती खिडकीच्या काचेवर धरून भिंग लावलं. मुलगी शेजारी उभी राहिली.

पहिल्या चार चौकटींवर चेपल्याच्या काळ्या चंद्रकोरी उमटल्या होत्या, नेमक्या चेहऱ्यावरून. बाई धडधाकट होत्या ते हेच चार रविवार. पाचव्यापासून सगळं स्वच्छ. निगेटिव्हमध्ये केस पांढरे आणि चेहरा काळा, पण मास्तरांना उलटं वाचायची सवय होती. खांदे सरळ. हनुवटी किंचित खाली. दोन्ही कान. प्रत्येक चौकटीत मान जराशी बारीक होत गेलेली. एकतिसाव्यानंतर पाच कोऱ्या, पारदर्शक, त्यांतून समोरची गच्ची दिसत होती.

मास्तरांनी भिंग परत मागे नेलं. पुन्हा पुढे आणलं.

"सगळे बाद आहेत," ते म्हणाले.

"का? छान तर आलेत."

"नजर लेन्समध्ये नाही. वर आहे. गिऱ्हाईक असतं तर परत बसवलं असतं." त्यांनी एकेका चौकटीवर नख टेकवलं. "हा बघ. हाही. सगळेच. लेन्सच्या वर."

"वर काय होतं?"

कॅमेरा तिपाईवर असायचा आणि मास्तर त्याच्या मागे, हातात बटणाची वायर घेऊन उभे. लेन्सच्या वर त्यांचं तोंड यायचं. एकतीस रविवार ती तिथे बघत होती, आणि त्यांच्या एकदाही ते ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी भिंग मुलीच्या हातात दिलं.

"मी होतो," ते म्हणाले. "ती माझ्याकडे बघत होती. मी पडद्यावरचा उजेड बघत होतो."