वरची लाइन, खालची लाइन

टाकी रिकामी करायचं काम माझ्याच हातून करून घेतलं.

हर्सूलकडच्या एका कॉलनीतला दुमजली बंगला. गच्चीवर सिमेंटची टाकी. तिचा बॉलकॉक खराब झाला होता, पाणी वाहून जात होतं. आमच्या शहरात नळाला आठवड्यानं पाणी येतं. येतं त्या दिवशी कुणी गावाला जात नाही, कुणी आजारी पडत नाही. अशा शहरात ती टाकी आदल्याच दिवशी काठोकाठ भरली होती.

मी साबणानं हात धुतले. कोपरापर्यंत हात पाण्यात घातला, जुना बॉलकॉक काढला, नवा बसवला. तेवढ्यात घरमालक वर आले. निवृत्त प्राध्यापक. खालच्या खोलीत काचेच्या कपाटात पुस्तकं, आणि भिंतीवर सत्कारांच्या ढाली. पुस्तकांपेक्षा ढालींवरची धूळ जास्त नियमित पुसलेली दिसत होती. सरांनी काम बघितलं, छान म्हणाले. मग नाव विचारलं. मी सांगितलं.

"पूर्ण नाव?"

पूर्ण सांगितलं. गाव पडेगाव, तेही सांगितलं. सरांनी अवघड गणित सुटल्यासारखी मान हलवली आणि जिना उतरले.

खाली आमचे ठेकेदार उभे होते. त्यांना सगळे आण्णा म्हणत. लायसन्सवाले प्लंबर. सरांनी त्यांना जातीबद्दल एक शब्द सांगितला नाही. एवढी पुस्तकं असलेला माणूस तसं बोलत नसतो. ते म्हणाले, "मी लायसन्सवाला माणूस मागितला होता. हे पिण्याच्या पाण्याचं काम आहे."

आण्णांनी हात जोडले. नेहमीचा पोरगा लग्नाला गेलाय, म्हणून याला वर पाठवला, चूक झाली. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "वर जा. टाकीच्या तळाचा वॉशआउट उघड. सगळी टाकी सोडून दे. घासायला दुसरा यील. तू आत हात घालू नको."

मी वर गेलो. व्हॉल्व्ह उघडला. स्वच्छ पाणी, तळ दिसेल असं. ते पाइपातून गल्लीत पडायला लागलं. समोर बांधकाम चालू होतं, तिथल्या बाया बादल्या आणि हंडे घेऊन धावत आल्या. एकीनं वर बघून ओरडून सांगितलं, दादा, जरा हळू सोडा, सांडतंय. मी व्हॉल्व्ह अर्धा केला. त्या पाण्यात माझा हात होता हे त्यांना माहीत नव्हतं. माहीत असतं तरी त्यांनी हंडे ठेवले नसते. तहान असली की माणसं शहाणी होतात.

संध्याकाळी सरांनी टँकर मागवला. टँकरवाल्याला पूर्ण नाव कुणी विचारलं नाही.

आमच्यात कामाची वाटणी होती. वरची लाइन म्हणजे टाकी, स्वयंपाकघर, फिल्टर, देवघराजवळचा नळ. खालची लाइन म्हणजे संडास, गटार, चेंबर. वरची लाइन गणेश करायचा, खालची मी. हा नियम कुणी केला नव्हता. पहिल्या दिवशी आण्णांनी मला चेंबरकडे पाठवलं आणि वर्षं गेली. गणेश चांगला पोरगा. डबा खाताना लोणचं द्यायचा. वरून टाकायचा, पण द्यायचा.

त्या रात्री जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं, तेव्हा सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "लायसन्स गणेशकडं तरी हाय का?"

नव्हतं. आमच्या टोळीत लायसन्स एकट्या आण्णांकडे होतं आणि आण्णांनी पाना हातात धरून जमाना झाला होता. त्यांचं काम सही करायचं. नवीन नळ घ्यायचा तर लायसन्सवाल्या प्लंबरची सही आणि शिक्का लागतो. घाम आमचा, शिक्का आण्णांचा. तरी मी स्वतःला समजावलं की सर बोलले ते खरंच लायसन्सबद्दल बोलले असतील. माणसाला अपमान पचवायला एखादं सभ्य कारण लागतं. मला ते आयतं मिळालं होतं. मी ठरवलं, परीक्षा द्यायची.

वस्तीतल्या विहाराला लागून अभ्यासिका आहे. कामावर जायच्या आधी मी तिथं बसायचो. बाकीची पोरं स्पर्धा परीक्षेची. माझ्यापुढं पाइपांची चित्रं. एक जण म्हणाला, आम्ही कलेक्टर व्हायला बसलोय आणि दादा गटार पाठ करतोय. दुसरा म्हणाला, हसू नको, कलेक्टरच्या बंगल्यात आधी दादाच जाणार. मीही हसलो. त्यांचं हसणं वेगळं होतं. ती पोरं मला कडेला सरकायला सांगत नव्हती.

घरी बायको भाकरी थापताना प्रश्न विचारायची. पुस्तक मांडीवर, हात पिठाचे, पानं कोपरानं उलटायची.

"ट्रॅप म्हंजी काय, सांगा."

मी सांगितलं. पाइपाला वाकण देतात, तिथं पाणी साठून राहतं, म्हणून गटाराची घाण हवा घरात येत नाही.

"मंग त्या सरांच्या घरात बसवला न्हाय का?" असं म्हणून तिनं भाकरी तव्यावर टाकली.

परीक्षेला बसायचं तर अनुभवाचा दाखला लागतो, तोही लायसन्सवाल्याकडून. म्हणजे आण्णांकडूनच. मला वाटलं अडवतील. त्यांनी अडवलं नाही. खांद्यावर हात ठेवला, दाखल्यावर सही केली, चहा मागवला. काचेच्या ग्लासात. इतकी वर्षं मला कागदी कपात मिळायचा. त्या ग्लासाचा मला संशय यायला हवा होता.

तोंडी परीक्षेला टेबलामागं दोन साहेब. एकानं यादीतलं नाव वाचलं, माझ्याकडं बघितलं आणि दुसऱ्याला म्हणाला, "यांना ड्रेनेजचं विचारू या. घरचाच विषय आहे."

दुसरा हसला. मोठ्यानं नाही, साहेबाला शोभेल इतकंच. मी ड्रेनेजची उत्तरं दिली. उताराचं एक चुकलं. मग म्हणालो, "साहेब, पिण्याच्या पाण्याचंही विचारा." साहेबानं घड्याळ बघितलं. विचारलं नाही. बाहेर व्हरांड्यात माझ्यामागचा उमेदवार उभा होता. त्याला पंप आणि टाकीचं विचारलं, हे नंतर त्यानंच सांगितलं. लायसन्सच्या दारातही दोन लाइनी होत्या.

तरी मी पास झालो. लायसन्स हातात आलं.

आण्णांनी दुकानात सत्कार ठेवला. शाल, नारळ, दोन हार. एक माझ्यासाठी, एक त्यांच्या स्वतःसाठी, कारण घडवणारे ते. हार्डवेअरवाले, गवंडी, फरशीवाले बोलावले होते. आण्णांनी भाषण केलं. चेंबरमधून वर काढलेलं पोरगं, असं ते म्हणाले. आमच्यात भेदभाव नाही, असंही म्हणाले. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, हात रिकामे कुठं ठेवायचे कळेना म्हणून. बायको मागं उभी होती. तिला कुणी खुर्ची दिली नाही.

मंडळी गेली. आण्णांनी ड्रॉवरमधून रबरी शिक्का काढला. माझ्या नावाचा. मला न विचारता बनवून घेतलेला. मी हात पुढं केला. त्यांनी तो परत ड्रॉवरमध्ये टाकला.

"हा हितंच ऱ्हाईल. सही लागली की बोलवीन."

मग सगळं उलगडून सांगितलं, मोकळेपणानं, घरचा माणूस समजून. काही सरकारी कामं आमच्या समाजाच्या लायसन्सवाल्यांसाठी राखीव असतात. ती आता घ्यायची. नाव माझं, काम त्यांचं.

मी विचारलं, मग मी काय करायचं?

"तुझं हाय तेच. खालची लाइन."

"आणि वरची?"

"वरची गणेश करल."

"गणेशकडं लायसन्स नाही, आण्णा."

आण्णा मनापासून हसले. म्हणाले, "लई शिकलास. आरं, लायसन्सचा अन् त्याचा काय संबंध?"

इतके महिने मी ज्या सभ्य कारणाला धरून बसलो होतो, ते आण्णांनी एका वाक्यात मोडलं. सरांनी जे पुस्तकांच्या आड ठेवलं होतं, ते आण्णांनी टेबलावर मांडलं. त्या बाबतीत आण्णा जास्त प्रामाणिक.

मी उठलो. शाल काढली, घडी घालून खुर्चीवर ठेवली. नारळ तिच्यावर ठेवला. वाकून ड्रॉवर उघडला आणि शिक्का घेतला. आण्णांनी माझं मनगट धरलं. मी सोडवलं नाही, नुसता बघत राहिलो. त्यांनीच सोडलं. मग हात रुमालाला पुसला. सवयीनं. त्यांच्या लक्षातही आलं नाही.

"जा," ते म्हणाले. "तुझ्या हातचं पाणी कोन पितंय बघू. माझ्या नावावर दारात उभं करत्यात तुला."

"माझी सही मी केलेल्या कामावरच होईल," मी म्हणालो. एवढंच. बायको आधीच दुकानाची पायरी उतरली होती.

आण्णांनी शब्द पाळला. हार्डवेअरच्या दुकानांतून मला गिऱ्हाईक पाठवणं बंद झालं. ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, ते रस्त्यात दिसले की मोबाइल बघायला लागले. घरात भाजीशिवाय भाकरी झाली, तीही खाल्ली. पोरं अभ्यासिकेत विचारायची, दादा, ऑफिस कुठं टाकलं? मी सांगायचो, सध्या सायकलवर आहे.

मागच्या आठवड्यात एका बंगल्यातून फोन आला. बाई गोड बोलत होत्या. दोन संडास, एक चेंबर, लगेच या, दादा. मी विचारलं, टाकीचं आणि स्वयंपाकघराचं काम निघालंय का? निघालंय, पण त्याला आमचा माणूस आहे. मी विचारलं, त्याच्याकडं लायसन्स आहे का? बाई म्हणाल्या, तसं नाही हो, तो घरातला आहे, सगळीकडे वावरतो.

बायको समोरच बसली होती. डब्यात पीठ किती आहे हे तिला माहीत होतं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मान आडवी हलवली.

मी बाईंना सांगितलं, "ताई, पूर्ण घराचं असेल तर येतो. नुसत्या संडासाला मी येत नाही."

त्यांनी फोन ठेवला. दुसरा फोन आला की हेच सांगणार आहे. तिसऱ्यालाही. तुमच्या घरात घाण जाते त्या पाइपाला माझा हात चालतो, तर पाणी येतं त्या पाइपालाही चालवून घ्यावा लागेल. नसेल चालत, तर तुमची घाण तुम्ही काढा.