पेटत्या चुलीचा संप

महाराष्ट्र राज्य नुकतं झालं होतं आणि मी यवतमाळला कॉलेजात शिकत होते. अर्थशास्त्राच्या सरांनी त्या वर्षी नवंच खूळ काढलं: पुस्तकं पुरे, आता प्रत्येकानं काही महिने कुठंतरी उमेदवारी करायची, म्हणजे बिनपगारी काम शिकायचं. कोणी सहकारी बँकेत गेलं, कोणी कापसाच्या जिनिंगमध्ये. मी म्हटलं, मी आपल्याच कॉलेजातल्या चपराशी-आचाऱ्यांच्या युनियनमध्ये जाणार. सर चष्मा काढून पुसायला लागले. मुलगी, त्यातून मुसलमानाची, आणि युनियन! घरी अब्बांना विचारलं. ट्रकखालून ग्रीसनं माखलेलं तोंड बाहेर काढून ते म्हणाले, "जाय नं मंग. भांडाले तर तू कॉलेजात न जाताच शिकली."

युनियनचे सेक्रेटरी प्रयोगशाळेतले चपराशी होते. सगळे त्यांना भाऊ म्हणत. त्यांनी मला थेट वसतिगृहाच्या मेसमध्ये धाडलं, कारण भांडण तिथंच पेटलं होतं. भांडी घासणारी तांड्यावरची बाई बाळंतपण उरकून, तान्हं लेकरू झोळीत घालून कामावर आली, तर सुपरिंटेंडेंट साहेबांनी तिला दारातूनच परत लावलं. वसतिगृहात तान्हं मूल चालायचं नाही म्हणे. मूल घरी ठेव, नाहीतर तू घरी राहा. आता ठेवणार कोणापाशी? नवरा जंगलात लाकूडकटाईला गेलेला, आणि दिवस उजाडला की अख्खा तांडा शेतावर. काम गेलं तर माय-लेकरानं खायचं काय? माझं डोकं असं तापलं की विचारू नका.

भाऊंनी संपाचं ठरवलं. मेसमधले सगळे हो म्हणाले, अडली ती एकटी मावशी. मावशी म्हणजे मेसची मोठी आचारीण. तिच्या शब्दाबाहेर तिथं पळीसुद्धा हलत नसे.

"काम बंद करतो," मावशी म्हणाली, "पण चूल थंडी ठेवणार नाही."

भाऊ कावले. "मावशे, संप म्हंजे संप! धूर दिसला तं लोक हसतीन आपल्याले."

"हसू दे. मयत झाली की चूल थंडी ऱ्हायते. तिचं लेकरू अजून मांडीवर हाय, अन् तिच्या नावानं तुमी थंडी चूल ठेवता? अभद्र कुठले!"

भाऊ माझ्याकडे वळले. "तू शिकलेली हायेस नं? समजाव इले."

मी समजावलं, पण भाऊंना. आमच्या घरीही मयत झाली की चूल पेटत नाही, शेजारपाजारचं जेवण येतं. मावशीच्या काळजात काय आलं ते मला लगेच कळलं. मी म्हटलं, "भाऊ, चूल पेटू द्या. वर भांडं चढवायचं नाही, बस."

भाऊ बराच वेळ कुरकुरले. शेवटी म्हणाले, "कर बाप्पा तुझ्या मनासारखं. फसलं तं नाव तुझं."

"अन् जमलं तरी माझंच!" मी म्हटलं. वयच होतं तसं.

संपाच्या सकाळी चूल धडधडा पेटली. साहेबांनी गावातल्या खानावळीतले आचारी आधीच बोलावून ठेवले होते. फाटकापाशी उभं राहून त्यांनी मेसचा धूर पाहिला, "गेला यांचा संप चुलीत!" म्हणून हसले आणि त्या आचाऱ्यांना आल्यापावली परत पाठवून दिलं. आम्ही काही हा डाव रचला नव्हता, अल्ला कसम! साहेब आपल्याच डोळ्यांनी फसले.

जेवणाची घंटा झाली. पोरं पंगतीत बसली, ताटं मांडलेली, आणि वाढायला कोणी येईना. गलका उसळला. मी दारात उभी राहिले. आवाज अब्बांच्या गॅरेजात इंजिनाच्या घरघरीवर चढवून तयार झालेला. म्हटलं, "चूल पेटली हाय, पण अन्न शिजलं नाही. काहून, ते ऐका. तुमची ताटं घासणाऱ्या बाईले लेकरू झालं, हा तिचा गुन्हा हाय म्हणते!"

कोपऱ्यात एक ताट वाजलं, मग दुसरं, मग सारा हॉल दणाणला. साहेब धावत आले, तर भुकेली पोरंच त्यांना म्हणाली, "बाईले घ्या, मंग जेवू." ते आठवलं की आजही माझी छाती फुगते. का फुगू नये?

साहेब घाम पुसत स्वयंपाकघरात शिरले. मावशी रिकाम्या चुलीत लाकूड सारत होती. बाई तिच्या बाजूला, लेकरू छातीशी धरून.

"उद्यापासून ये कामावर," साहेब म्हणाले.

"अन् लेकरू?" त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदाच ती त्यांच्यासमोर बोलली.

"आण."

"मंग उद्या काहून? आजच लागतो कामाले." तिनं लेकरू माझ्या हातात दिलं नि पदर खोचला. मावशीनं डाळीचं भगुणं चढवलं. धुरानं लेकराचे डोळे चुरचुरले असावेत, ते टाहो फोडून रडायला लागलं. मी साहेबांना म्हटलं, "सर, याले धूर लागून राह्यला. कुठं ठेवू, सांगा."

साहेब पुढे झाले आणि आपल्या ऑफिसचं दार उघडून धरलं.