परी येणार नाही

सोनाआत्या गेल्याचा निरोप आला तेव्हा मी वर्गात मुलांना गोष्टच सांगत होते. राजकन्या मनोऱ्यात कोंडलेली, पोरं डोळे विस्फारून बसलेली, आणि शिपाई दारातूनच हळू म्हणाला, "मिस, ब्रीझे वेर्दिएर गावची तुमची आत्या..." गोष्ट तिथंच सोडून मी बस पकडली.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. संध्याकाळी गावातली पोरं तिच्या व्हरांड्यात जमायची, व्हॅनिलाच्या चहाला आणि परीकथांना. पण तिच्या परीकथांत परी नसायचीच! राजकन्या संकटात सापडली की आत्या थांबायची, लाकडी पाट एखाद्या पोरासमोर सरकवायची आणि म्हणायची, "बस. परी येनार नाय. आता तूच काढ हिला भाईर." मग कुणी लुगड्याचा दोर वळी, कुणी मनोऱ्यातच भाजी पेरून तग धरी. एकानं राजकन्येला उसाच्या गाडीत लपवून पळवलं, तेव्हा आत्या हसून हसून बेजार झाली. उपाय फसला तरी चालायचा. "सुटत नाय" म्हणायला मात्र सक्त बंदी.

सत्तरच्या दशकाची सुरुवात असेल. माझी प्राथमिक शाळा संपली आणि पापा म्हणाले, पुरे झालं. फ्लाकचं कॉलेज, म्हणजे आमच्या बेटावरचं हायस्कूल, लांब. बसनं एकटी पोर पाठवायची कशी? शिवाय मळ्यातली फरसबी तोडायला हात कमी. मी रडत आत्याकडे पळाले. पापा तिचा शब्द खाली पडू देत नसत. तिनं नुसतं म्हटलं असतं तरी काम फत्ते! पण ती म्हणाली, "आयो, मी काय परी हाय गो?" असा राग आला होता तिचा...

त्याच संध्याकाळी तिनं पापांना चहाला बोलावलं आणि पाट माझ्यासमोर सरकवला. मी पाटावर बसले. एक राजकन्या आहे, मी सुरुवात केली, तिला शिकायचंय, पण राजाला बसची भीती वाटते. ती शेजारच्या मुलींबरोबर जाईल, आणि निघण्याआधी फरसबी तोडून ठेवील.

पापा मिशीतल्या मिशीत हसले. "आनी राजकन्येला पहाटं उठवनार कोन?"

"ती आपली आपन उठंल."

पापांनी कप खाली ठेवला. "मग जा म्हनावं तिला." व्हरांडा आरोळ्यांनी दणाणला, आणि सगळ्यांत मोठी आरोळी आत्याची! पुढं मी शिक्षिका झाले तेव्हा गावभर लाडू तिनंच वाटले. कुणी कौतुक केलं की म्हणायची, "मी निस्ता पाट सरकवला."

दिवसकार्य उरकल्यावर संध्याकाळी पोरं सवयीनं व्हरांड्यात आली. पाट भिंतीला टेकून उभा होता. वर्गात अर्धी राहिलेली गोष्ट मी सांगायला घेतली, मनोऱ्यापर्यंत आले आणि तिथंच अडले. तेव्हा आत्याची धाकटी नात, माझ्या आतेभावाची लेक, उठली. पाट ओढत आणून तिनं माझ्यासमोर ठेवला.

"बस, आत्या," ती म्हणाली. "परी येनार नाय."

मी डोळे पुसले, पाटावर बसले आणि राजकन्येला बाहेर काढलं.