झाकणातला विळा

हातात घड्याळ आलं की काका आधी ते पालथं करायचे. तोंड नंतर. "आधी पाठ," असं नाकातून म्हणायचे, अन् चाकूच्या टोकानं मागचं झाकण उघडताना डोळे गच्च मिटून घ्यायचे.

काका म्हणजे हिंगोलीत आमच्या गल्लीत राहणारे एसटीचे कंडक्टर. तेव्हा सेलवरची घड्याळं ढिगानं मिळायची, पण आमच्या कॉलेजात जुन्या, चावीच्या घड्याळांचं खूळ शिरलं होतं. तसलं घड्याळ घ्यायचं तर आधी काकांना दाखवायचं. असली का नकली, ते सांगणार.

डोळ्याला भिंग लावून ते बोलायचे, "डायल नवं रंगवलंय. काटे दुसऱ्याचे, मशीन तिसऱ्याचं. हे घड्याळ न्हाई, वरात हाय. पाव्हणे सगळ्या गावचे." अन् नकली निघालं की काका असे खूश व्हायचे, की विकणाराच चक्रावून जायचा.

मी त्यांची नक्कल जबरा करायचो. डोळे मिटणं, नाकातला आवाज, सगळं. गल्ली हसायची. त्यांची माय, आम्हा सगळ्या पोरांची आजी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, तीसुद्धा ओट्यावर बसून तोंडाला पदर लावायची. "माझ्या लेकाला पुरं इकून खाईल हे पोरगं!" काका तेवढे हसायचे नाहीत. मला वाटायचं, चिडले. तुम्हालाही तसंच वाटलं असतं.

एकदा मलाच घड्याळ घ्यायचं होतं. जवळा बाजार गावात एक चाचा जुनी घड्याळं घेऊन बसतो असं कळलं. काकांना म्हटलं, चला. जीपमध्ये मी माझ्या सवयीनं खोडी काढली, "काका, झाकण उघडताना डोळे काहून मिटता? मशीन उडून डोळ्यात जातं का?"

काकांनी तोंड बाहेर वळवलं.

"माझा बाप घड्याळ घालून बाजारला गेला, तो आलाच न्हाई. मी शाळंत होतो. लई हुडकलं."

"अन् घड्याळ?"

"झोपताना बी काढायचा न्हाई तो. म्हणून ते कुठं इकायला दिसलं, तर..." पुढचं त्यांनी गिळलं. "माय अजून कुंकू लावती रे. तिला काय सांगू?"

मग त्यांनी खूण सांगितली. झाकणाच्या आतून कोरलेला विळा, विळ्याच्या पोटात ठिपका. लहानपणी घड्याळवाल्याच्या दुकानात बापानं उचलून दाखवलं होतं. म्हणाला होता, बघ, हे आपलं निशाण घातलंय.

म्हणजे हा माणूस इतकी वर्षं प्रत्येक झाकण घाबरत उघडत होता, अन् मी त्याच्यावर गल्लीला हसवत होतो. जवळा बाजार येऊच नये असं वाटलं.

पण आला. कापसाच्या गाड्यांच्या कडेला चाचानं चादर अंथरली होती. मला आवडलेलं घड्याळ काकांनी घेतलं, आज पालथं न करताच भिंग लावलं.

"डायल असली." आवाज खाली गेला. "काटे त्याचेच." अजून खाली. "चावी बी जुनी, घासलेली."

पहिल्यांदाच काकांना कशात खोट सापडत नव्हती. त्यांनी घड्याळ पालथं केलं, डोळे मिटले. झाकण टक्कन निघालं.

डोळे उघडलेच नाहीत. "तू बघ."

मी बघितलं. विळा. पोटात ठिपका.

"काय हाय?"

अख्ख्या गल्लीचे आवाज काढणारा मी, माझाच आवाज निघेना. तेवढ्यावरून त्यांना कळलं. डोळे मिटूनच ते झाकण परत दाबू लागले, ते बसेना.

"क्या हुआ मियाँ, साँप निकला क्या?" चाचानं झाकण काढून घेतलं, उन्हात धरलं. "अरे, ये तो जीम है! उर्दू का जीम, अपना 'ज'. हमारे उस्ताद थे परभणी में, जलीलमियाँ. जो घड़ी खोले, उसमें अपने नाम का जीम डालते थे."

"सगळ्यायच्या?" मी विचारलं.

"सब की."

काका हसले. खरंच हसले, खांदे हलवून. मग मध्येच थांबले. "ये किसने बेची, चाचा?"

"ढेर में आई. कौन याद रखता है?"

"म्हंजे हे त्याचं न्हाई बी असंल," काका मला म्हणाले.

"नसंलच की!"

"अन् असंल बी."

बापाला वाचता येत नव्हतं, उस्तादाचं अक्षर त्याला आपलं निशाण वाटलं, अन् लेकानं त्याच्यावर भरवसा ठेवला. आता ती खूणही गेली.

"ठेवा परत, काका. मला भ्या वाटून राहिलं."

"मला बी. पर हितं राहिलं तर मी दर बाजारी येत राहीन. तू घे. फक्त मायसमोर घालू नको."

घेतलं. भर उन्हाळ्यात फुल बाह्यांचे शर्ट घालून फिरलो. पोरं हीरो म्हणायची. आजी ओट्यावर दिसली की मी दुसऱ्या गल्लीनं जायचो.

नवं शतक लागल्यावर काही वर्षांनी काका रिटायर झाले अन् गावी, गोरेगावला निघाले. जीपमध्ये सामान चढवताना मी बाह्या वर सारल्या. विसरलोच. आजी पुढच्या सीटवर बसली होती.

"लेकरा, किती वाजले रे?" तिनं मान पुढं काढली.

मी बाही खाली ओढायला लागलो. काका मधी घुसले अन् माझं मनगट घड्याळासकट मुठीत धरलं. "बंद पडलंय माय ते."

"मंग घालून काहून फिरून राहिलं येडं?" आजी हसली. कपाळभर कुंकू हललं.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला तरी मूठ सुटेना. मुठीत घड्याळ चालू होतं. त्यांना कळत होतं, मलाही. मग त्यांनी सोडलं अन् मागं जाऊन बसले. जीप वळेपर्यंत मला त्यांची पाठच दिसत होती.

संध्याकाळी पोरं म्हणाली, "काका करून दाखव ना." मी घड्याळ काढलं, पालथं केलं, नाकातून म्हटलं, "आधी पाठ." डोळे मिटले. पोरं खो खो हसली.

झाकणाला चाकू लावायची माझी हिंमत झाली नाही.