मेथीच्या चार जुड्या आणि चौदावा नियम

सातपूरच्या ज्या कारखान्यात मी एकोणीस वर्षं बोल्टांना आटे पाडले, तिथली माझी नोकरी मेथीपायी गेली. सायखेड्याला आमचं थोडं रान आहे. मेथी निघाली की चार जुड्या मोटरसायकलच्या हँडलला अडकवायच्या आणि शिफ्टमधल्या दोस्तांना वाटायच्या, हा माझा शिरस्ता. एकोणीस वर्षांत कोणाचं पोट दुखलं नाही.

मग नवे एचआर साहेब आले. एका सकाळी गेटवर माझ्या जुड्या जप्त झाल्या आणि दुपारी हातात पत्र पडलं : चौदाव्या नियमाचा भंग, उद्यापासून कामावर येऊ नये. ना चौकशी, ना नोटीस. मी नियमांचं पुस्तक दाखवा म्हणालो.

"ते गोपनीय आहे," साहेब म्हणाले.

"साहेब, पाळायचा नियम गोपनीय कसा?"

"तो प्रश्न वेगळा."

जप्त झालेला पुरावा त्याच संध्याकाळी वॉचमनच्या घरी लसणाच्या फोडणीत गेला.

घरी बसलो आणि माझी पाचावर धारण बसली. मुलगी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला, आणि पन्नाशीच्या माणसाला नवी नोकरी कोण देतो? शेवटी बायकोच कावली. "अहो, छताकडं बघून काय व्हनार हाय? अर्ज करा!" तिनेच मला कामगार कार्यालयात नेलं.

सुनावणीच्या पहिल्या तारखेला तिथल्या अधिकारी मॅडमनी पुस्तक मागितलं. दुसऱ्या तारखेला साहेबांनी ते सीलबंद पाकिटातून आणलं. मॅडमनी मोठ्याने वाचलं, "नियम चौदा. बाहेरचे खाद्यपदार्थ आत आणू नयेत." साहेबांची छाती फुगली.

मॅडम मात्र वाचतच राहिल्या. "नियम पंधरा. खोल्यांमधील चादरी व उशांचे अभ्रे रोज बदलावेत. नियम सोळा. पाहुण्यांसमोर दात कोरू नयेत."

त्यांनी चष्मा काढला. "तुमच्याकडे बोल्ट गादीवर झोपतात का हो?"

मग साहेबांच्या तोंडूनच सगळं उलगडलं. नियम लिहायला नेमलेल्या सल्लागाराने कुठल्याशा हॉटेलचे नियम, नुसतं कव्हर बदलून, यांच्या गळ्यात मारले होते. साहेबांनी स्वतः चौदाच्या पुढे वाचलंच नव्हतं. उद्यापासून कामावर घेतो, असं त्यांनी तिथल्या तिथे लिहून दिलं.

बाहेर आल्यावर मी मोटरसायकलला टेकून पोट धरून हसलो. चादरी काय, अभ्रे काय! बायको हसेना.

"काय झालं?"

"त्या हॉटेलात बी कोनी असंल ना," ती म्हणाली, "घरची भाकर नेली म्हनून घरी बसवलेला? त्याला वाटत असंल, आपलंच कायतरी चुकलं."

माझं हसू थांबलं. दोन महिने मलाही तेच वाटत होतं.