दहा गुणांचं उत्तर

गुजरातेत, डिंडोलीतल्या आमच्या दोन खोल्यांत बोलण्याचं सगळं काम माय करायची. आप्पांचं आयुष्य लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात गेलं. त्या खडखडाटात त्यांचे कान गेले, आणि ऐकू येईना तसं त्यांनी बोलणंही कमी केलं. दूधवाल्याशी गुजरातीत, घरमालकाशी हिंदीत आणि आमच्याशी अहिराणीत, मायच बोलायची. दारात बसून साड्यांवर खडे चिकटवायची तेव्हाही तिचं तोंड थांबत नसे. संध्याकाळी मी कॉलेजातून आले की विचारायची, "काय शिकाडतस तुले तठे?" तिथे काय शिकवतात हे तिला खरंच ऐकायचं असायचं.

मी बी.ए.ला मानसशास्त्र घेतलं होतं, गुजराती माध्यमातून. मी महापालिकेच्या मराठी शाळेतून आले होते, म्हणून पहिलं वर्ष वर्गात नुसती मान हलवत काढलं. मग इतरांसारखी मीही गाइडमधली उत्तरं पाठ करायला लागले आणि मार्क पडायला लागले. मेंदूची आकृती हा माझा हातखंडा होता. डाव्या बाजूला भाषेचं केंद्र, ते मी निळ्या शाईने रंगवायचे. तिथे इजा झाली तर माणसाला समोरच्याचं बोलणं बऱ्याचदा कळतं, पण स्वतःचे शब्द सापडत नाहीत. याला अफेजिया म्हणतात. दहा गुणांचा प्रश्न, हमखास येणारा. एकदा मी तो मायला समजावून सांगितला. ती खडा बोटावर धरून थांबली आणि म्हणाली, "असं बी व्हस का?"

तिसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात एका दुपारी शेजारच्या मावशींचा फोन आला. आमचा व्यक्तिमत्त्व विकासाचा तास चालू होता. मुलाखतीत स्वतःची ओळख कशी करून द्यायची, ते बाहेरून आलेले एक सर शिकवत होते. मावशी म्हणाल्या, "तुझ्या आईच्या हातातून साडी पडली गं, आणि तोंड वाकडं झालंय. आम्ही सरकारी दवाखान्यात नेतोय."

मी पोचले तेव्हा आप्पा वॉर्डाबाहेर उभे होते, खात्यातून तसेच आलेले, केसांत कापसाचे तंतू. मला बघून त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. डॉक्टर तरुण होते. भराभरा हिंदीत बोलले: मेंदूत रक्ताची गाठ, उजवी बाजू लुळी, आणायला थोडा उशीर झाला. मग म्हणाले, "अफेजिया आहे. म्हणजे..."

"माहीत आहे," मी म्हटलं.

ते चमकून माझ्याकडे बघायला लागले. शब्द ओळखीचा निघाला याचा मला क्षणभर आनंद झाला होता, परीक्षेत येणारा प्रश्न पडल्यावर होतो तसा. पुढच्याच क्षणी काचेतून मायचा चेहरा दिसला.

आप्पांनी माझा दंड धरला. "ईचार ना. तू शिकेल शे. परत बोली का ती?"

मी विचारलं, ती परत बोलेल का. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. काहींना येतं, काहींना थोडंफार येतं. ते मी आप्पांच्या कानात ओरडून सांगितलं. आप्पांना वाटलं, मला नीट विचारता आलं नाही. त्यांनी मला पुन्हा पाठवलं. मी पुन्हा गेले आणि तेच उत्तर घेऊन परत आले.

घरी आणल्यावर काही दिवसांनी मायच्या तोंडून पहिला शब्द आला. "आठे." आठे म्हणजे इथे. मी पळत जाऊन आप्पांना उठवलं, शेजारी सांगितलं. पण नंतर पाणी हवं असलं तरी आठे, पाय दुखला तरी आठे, दारात कुत्रं आलं तरी आठे. एवढा एकच शब्द तिच्या हाती राहिला होता. त्यातच ती रागवायची, विचारायची, लाड करायची. तिच्या मते ती पुरं वाक्य बोलत असावी, कारण बोलून झालं की ती उत्तराची वाट बघायची.

दवाखान्यातल्या बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी चित्रांचे पत्ते दाखवले. त्या गुजरातीत शब्द म्हणायच्या, माय त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची. बाईंनी विचारलं, "घरी कोणती भाषा बोलता?" मी म्हटलं, अहिराणी. बाईंना ती येत नव्हती. "मग तुम्हीच घ्या हे घरी," त्या म्हणाल्या. तसं मी रोज घ्यायला लागले. फणी दाखवून फणी म्हणायचे, भाकर दाखवून भाकर. माय माझ्या ओठांकडे एकटक बघायची, फार कष्टाने तोंड हलवायची आणि म्हणायची, "आठे." मग स्वतःच मान हलवायची, चुकलं म्हणून.

शेवटी मी आमच्या मानसशास्त्राच्या मॅडमकडे गेले. त्यांनीच तो धडा शिकवला होता. सगळं ऐकून त्यांनी स्टाफरूमचं दार लोटलं आणि मला शेजारी बसवलं.

"बेटा, खरं सांगू? इतकी वर्षं मी हे शिकवते, पण असा पेशंट मी कधी जवळून पाहिला नाही."

"मग मी काय करू, मॅडम?"

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. त्यांच्यावर चिडावं असं आधी वाटलं होतं, तेही जमलं नाही.

मी पास झाले, चांगल्या मार्कांनी. आता रिंग रोडच्या एका मार्केटात, साड्यांच्या व्यापाऱ्याकडे फोनवर बसते. दिवसभर नागपूर, इंदूर, जळगावच्या दुकानदारांशी बोलते. सेठ म्हणतात, हिची जीभ गोड आहे. न घाबरता बोलणं मला कॉलेजनेच दिलं, हे मी नाकारत नाही. तेवढ्यावर घर चालतं. आप्पा आता खात्यात जात नाहीत. मी कामावर असते तेव्हा ती दोघं समोरासमोर बसून असतात. माय काही सांगत असते, आप्पांना ऐकू येत नाही, तरी ते हो म्हणतात.

या जूनमध्ये शेजारच्या मावशी मुलीला घेऊन आल्या. बारावी झाली होती तिची. "तू शिकलीस ना, सांग हिला, कॉलेजला घालू का?"

"घाला," मी म्हटलं.

मुलीने विचारलं, "ताई, तिथे काय शिकवतात?"

मी सांगायला तोंड उघडलं. माय खाटेवरून माझ्याकडे बघत होती, तिलाही ऐकायचं होतं. तोंडात आलं ते दुसरंच. मी त्या मुलीला कॉलेजला जाणारी बस कुठून मिळते ते सांगितलं, आणि पहिल्या दिवशी लवकर जाऊन पुढच्या बाकावर बस, म्हटलं.